शेजारचा तारा

आमच्या थोरल्या जाऊबाईंना सगळी गल्ली ताराबाई म्हणते. हे त्यांचं खरं नाव नव्हे. लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा ट्रंकेतून कपड्यांच्या घडीत गुंडाळलेली जुनी दुर्बीण निघाली, आणि दुसऱ्याच संध्याकाळी नवी नवरी गच्चीवर मान वर करून उभी असलेली लोकांनी बघितली. तेव्हापासून त्या ताराबाई. मी त्यांची धाकटी जाऊ. माझ्या तोंडाचा पट्टा घरात प्रसिद्ध आहे, तेव्हा त्यांच्याबद्दल सांगते ते गोड करून सांगणार नाही.

जाऊबाई दोरे-बटणांच्या दुकानात कामाला होत्या. शिंपी कापडाचा तुकडा घेऊन यायचे आणि त्याला जुळणारा दोरा काढून द्यायचा, हे त्यांचं काम. ऐकायला सोपं वाटतं, पण एका निळ्याचे इतके निळे असतात की माणसाला वेड लागावं. त्या तुकडा घेऊन दुकानाच्या दाराशी उजेडात जायच्या. एका हातात जरा गडद रीळ, दुसऱ्या हातात जरा फिकट, आणि तुकडा मध्ये. "एकटा रंग कधी बघू नये," म्हणायच्या. "एकटा रंग थापा मारतो. दोन शेजारी दिले की बरोबर सरळ येतो."

वर आभाळातही त्यांचं हेच चालायचं. मला आधी वाटायचं, दुर्बीण आहे म्हणजे चंद्रावरचे खड्डे बघत असतील, शनीची कडी बघत असतील. एकदा हौसेनं वर गेले, तर बाई एका ठिपक्याकडे टक लावून बसलेल्या. मीही बघितलं. ठिपकाच होता. "याचं काय बघायचं?" म्हटलं, तर म्हणाल्या, "हा रूपविकारी आहे." विकार म्हटलं की मला पोटाचाच आठवतो, त्यामुळे मी खो खो हसत सुटले. त्यांना राग नाही आला. त्यांनी समजावून सांगितलं की काही तारे कायम सारखेच तेजस्वी नसतात. ते फुलतात, मंदावतात, परत फुलतात, त्यांना शास्त्रात रूपविकारी म्हणतात. त्यांच्यासारखी हौशी माणसं आपापल्या गच्चीवरून असे तारे बघतात आणि आज तेज किती होतं ते खगोल मंडळाला कळवतात. मोठमोठ्या दुर्बिणींना एकाच ठिपक्याची रोज विचारपूस करायला वेळ नसतो. जाऊबाईंना होता.

तेज ठरवायचं कसं, तर दोऱ्यासारखंच. त्या ताऱ्याच्या आसपासचे दोन न बदलणारे तारे घ्यायचे, एक जरा उजळ, एक जरा मंद, आणि आपला त्या दोघांच्या मध्ये कुठे बसतो ते नजरेनं ठरवायचं. या दोघांना जाऊबाई 'शेजारी' म्हणायच्या. आणखी एक नियम होता. कालचा आकडा आठवायचा नाही. आठवला की डोळे आळशी होतात आणि कालचंच आज बघतात. म्हणून दादा, म्हणजे माझे मोठे दीर, बायकोच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचे, तिनं सांगितलेला आकडा लिहून घ्यायचे आणि वही दडवून ठेवायचे.

"काल किती होतं हो?" जाऊबाई हळूच विचारायच्या.

"सांगायचं नाही असं ठरलंय."

"एवढं एकदाच."

"म्हातारी झालीस की सांगेन."

रोज हेच. दिवसभर दगड कापून आलेला माणूस, त्याला आभाळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण खुर्ची कधी चुकली नाही. त्या दोघांचा संसार मला विचाराल तर गच्चीवरच झाला, खाली नुसता स्वयंपाक झाला.

तिमिंगल नावाच्या तारकापुंजात एक तांबूस तारा आहे. तो कित्येक महिने नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही, आणि मग एके दिवशी हजर होतो. तो दिसला की जाऊबाई गच्चीवरूनच ओरडायच्या, "आला गं, आला!" बाळंतपणाला आलेल्या लेकीची गाडी लागावी तसा तो आवाज असायचा. मग दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या चहात साखर जास्त. मी चिडवायची, "ताई, एवढा जीव त्या ठिपक्यावर? आमच्यावर लावा जरा." त्या म्हणायच्या, "तुम्ही कुठे जाताय? तुम्ही काय, रोजचेच."

एकदा मात्र त्यांची चांगली फजिती झाली. नवीन तारा बघायला घेतला होता. नकाशा वाचताना गडबड झाली आणि शेजारी म्हणून जो निवडला, तोही रूपविकारीच निघाला. योगायोग असा, की त्या हंगामात दोघंही एकदमच मंदावत होते. जाऊबाई आपल्या रोज सांगताहेत, शेजाऱ्यात आणि यात फरक नाही, फरक नाही. शेवटी मंडळाच्या चिटणिसांनी विचारलं, बाकी सगळ्यांना हा तारा विझत चाललेला दिसतोय, तुम्हालाच तसाच्या तसा कसा दिसतो? शेजारी तपासा. दादा कितीतरी दिवस आठवून आठवून हसत होते. घरात ती म्हणच झाली. साखरेचा डबा रिकामा, शेजारी तपासा. चप्पल सापडत नाही, शेजारी तपासा.

दोघा भावांची दगड कापायची शेड घराला लागूनच होती. ओटे, पायऱ्या, दारावरच्या पाट्या. माझे यजमान धाकटे, पण उंची, बांधा, चालणं, सगळं दादांसारखं. पात्यावर पाण्याचा पाइप सोडला की धूळ खाली बसते. पण कडा घासताना पाणी असलं की रेघ नीट दिसत नाही, म्हणून कडा दोघंही कोरड्याच घासायचे, तोंडाला फडकं बांधून. फडक्यानं कुठे धूळ अडते? पण तेव्हा आम्हाला कुणालाच अक्कल नव्हती. काम संपलं की दोघं शेडच्या पायरीवर शेजारी शेजारी टेकायचे. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. मी चहा घेऊन जायची आणि म्हणायची, "घ्या आजोबा." हसायचे दोघं. हसता हसता खोकायचे.

खोकला वाढत गेला, पण दगडाच्या धंद्यात खोकला कुणाला नसतो? दादांच्या पट्ट्याला सुरीनं नवीन भोक पाडावं लागलं. ह्यांच्याही पाडलं. जिना चढून गच्चीवर गेल्यावर दादा आधी थोडा वेळ काही न बोलता बसून राहायचे. एक दिवस स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी त्या दोघांना पायरीवर बसलेलं बघितलं आणि का कोण जाणे, माझ्या काळजात चर्र झालं. म्हटलं, "ताई, दादा उतरलेत का हो?"

जाऊबाई खिडकीशी आल्या. अगदी मन लावून बघितलं त्यांनी, वर बघायच्या तसं. मग म्हणाल्या, "छे गं. भाऊजींच्या शेजारी बघ. होते तसेच तर आहेत."

ताराबाईंनी सांगितलं म्हणजे विषय संपला. आभाळातल्या ठिपक्याचा बारीकसा फरक जिला कळतो, तिला स्वतःच्या नवऱ्यातला कळणार नाही होय? मी निर्धास्त पोळ्या लाटायला बसले.

मग आमच्या नणंदबाई आल्या. बऱ्याच काळानं आल्या होत्या. दादा दार उघडायला गेले, आणि बाईंच्या हातातली पिशवी उंबऱ्यातच पडली. "दादा! अरे, हे काय झालंय तुझं?" म्हणून जी रडायला लागली, ती थांबेना. दुसऱ्याच दिवशी तिनं त्यांना धरून डॉक्टरकडे नेलं. छातीत दगडाची धूळ भरली होती, आणि ती काही बाहेर निघणारी नव्हती. बैल गेला आणि झोपा केला, अशातली गत. दादा दवाखान्यात गेले ते परत आले नाहीत.

जाऊबाईंचा एकुलता एक मुलगा बोटीवर नोकरीला. तो फोनवर विचारायचा आणि जाऊबाई सांगायच्या, बाबा बरे आहेत. खोटं नव्हत्या बोलत, त्यांना दिसतच तसे होते. दुखणं कळल्यावर निरोप धाडला, पण भर समुद्रातून माणूस येणार कसा? तो पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. तो भांडला नाही, आरडाओरडा केला नाही. आईसमोर बसून एवढंच म्हणाला, "आई, तुला दिसलं कसं नाही गं?"

तो परत बोटीवर गेला, नणंदबाई गेल्या, घर रिकामं झालं. ह्यांनी शेड पुन्हा उघडली. त्या दिवशी काम संपवून हे पायरीवर येऊन टेकले. एकटेच. बाजूची जागा सवयीनं सोडलेली. जाऊबाई खिडकीशी ताट विसळत होत्या. त्यांच्या हातांवरून पाणी वाहत राहिलं. मी म्हटलं, "ताई, नळ." त्यांना ऐकू गेलं नाही. मग एकदम वळून म्हणाल्या, "भाऊजींना उद्या डॉक्टरकडे न्यायचं."

"का? काय झालं?"

"आज पहिल्यांदा मी त्यांना एकट्याला बघितलं." त्यांनी नळ बंद केला. "मी शेजारी तपासलाच नाही गं."

मला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा हातातलं लाटणं मी ओट्यावर आपटलं. म्हणजे इतकी वर्षं बाई आपल्या नवऱ्याला माझ्या नवऱ्याच्या शेजारी धरून जोखत होत्या. आणि दोघं एकाच शेडमध्ये, एकाच धुळीत, एकाच वेगानं विझत होते. "माझा नवरा तुम्हाला तुलनेला घ्यायला मिळाला होता का?" मी ओरडले. "अख्खं आभाळ डोळ्यात तेल घालून बघता, आणि दिव्याखाली हा अंधार!" आणखीही बोलले. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं झालं होतं माझं. जाऊबाईंनी मला थांबवलं नाही. मी दमले तेव्हा म्हणाल्या, "उरलेलं उद्या बोल. सकाळी त्यांना घेऊन जाऊ."

हे कुठले ऐकायला. "वहिनी, दादानं घेतलेलं काम अर्धवट पडलंय. मला काही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे," म्हणून खोकले आणि मशीन चालू केलं. जाऊबाई शेडमध्ये गेल्या, भिंतीवरचा खटका खाली ओढला आणि अर्धवट कापलेल्या दगडावर जाऊन बसल्या. दुकानाला जायचे त्यांचे कपडे धुळीनं पांढरे झाले. "आता माझ्यासकट कापा," म्हणाल्या. हे बघतच राहिले. मग ह्यांनी तोंडाचं फडकं सोडलं.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. तीच धूळ, दादांपेक्षा कमी. आत गेलेली निघणार नाही, म्हणाले, पण आणखी नका घालू. दगडाला पुन्हा हात लावलात तर माझ्याकडे येऊ नका. आम्ही शेडला कुलूप लावलं. त्यानंतर ह्यांचे जे दिवस मला मिळाले, ते जाऊबाईंनी दिलेले आहेत. हे मला माहीत होतं आणि तरी त्यांच्याशी नीट बोलायला माझी जीभ वळत नव्हती. माणसाचं मन चमत्कारिक असतं.

जाऊबाईंनी आभाळ सोडलं. दुर्बीण परत ट्रंकेत गेली. मंडळाकडून विचारणा झाली, तिलाही त्यांनी उत्तर दिलं नाही. दुकानातून यायच्या, भाजी निवडायच्या, झोपायच्या. संध्याकाळी अंगणात आल्या तरी मान खाली. त्यांना तसं बघून मला बरं वाटायला हवं होतं, इतकी मी रागावले होते. वाटलं नाही.

शेवटी हेच एक दिवस म्हणाले, "वहिनी, तुमचा तो तांबडा आला का?"

"मला काय ठाऊक."

"मग बघा ना. मी लिहून घेतो. वही दडवण्याचं माझ्यावर सोडा. हिच्यापासून तंबाखू दडवण्यात हयात गेलीय माझी."

"मला दडवता आली असं वाटतंय ह्यांना!" मी आतून म्हटलं. जाऊबाई हसल्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदा.

ह्यांना जिना चढवत नव्हता, म्हणून अंगणातून जेवढं आभाळ दिसेल तेवढ्यावर भागवायचं ठरलं. समोरच्या इमारतीनं अर्धं गिळलेलं, उरलेल्यातून विजेच्या तारांचं जाळं गेलेलं. तरी जाऊबाई बसल्या. आधी केवळ दिराचा शब्द मोडवेना म्हणून. मग हळूहळू त्यांच्या आवाजात जुना जोर यायला लागला. आपला तारा एका तारेच्या मागून सरकून मोकळ्या जागेत आला की त्या पोरीसारख्या खूश व्हायच्या, आणि लगेच गप्प व्हायच्या, खूश झाल्याची लाज वाटल्यासारख्या. "काल किती होतं, भाऊजी?" असं मला आतून ऐकू यायचं, आणि "नाही सांगणार," असा ह्यांचा धापा टाकत दिलेला जबाब. मी भांडी जोरात घासायची. मला ते ऐकवत नसे, आणि थांबूही नये असं वाटायचं.

असं बरंच चाललं. मग ह्यांना अंगणात यायलाही खुर्ची धरावी लागायला लागली. जेवण अर्धं, मग पाव. मी रोज सकाळी म्हणायची, "आज तजेला दिसतोय हं चेहऱ्यावर." हे म्हणायचे, "हो का?" आमची मुलगी लांब, परक्या मुलखात, पदरात दोन लहान मुलं. तिचा फोन यायचा. "बाबा कसे आहेत?" मी म्हणायची, "बरे आहेत." मुलांना सुट्टी लागली की सगळ्यांना घेऊन येते, म्हणायची. ये सावकाश, मी म्हणायची. मला खरंच वाटत होतं की म्हणत राहिलं तर ते तसंच होईल.

एक दिवस जाऊबाई दुकानातून आल्या तेव्हा ह्यांनी त्यांना खोलीत बोलावलं. मी औषधाला पाणी घेऊन उभी होते.

"वहिनी, बसा. माझ्याकडे बघून सांगा, मी कसा आहे?"

"बरे तर आहात," मी मध्येच म्हटलं.

"तू गप्प. तू लग्नाच्या दिवसापासून माझ्याशी गोड खोटं बोलतेस. वहिनी, तुम्ही सांगा."

जाऊबाईंचा चेहरा पडला. "माझ्या डोळ्यांना नका विचारू भाऊजी. ते एकदा चुकलेत."

"म्हणून तर विचारतोय. चुकलेला माणूस दुसऱ्यांदा नीट बघतो."

जाऊबाई उठल्या. खिडकीचा पडदा सारला. ह्यांची खुर्ची थोडी उजेडाकडे वळवली, मान आपल्या हातानं सरळ केली आणि बघत राहिल्या. मी त्यांच्या मागून ह्यांना दिसणार नाही अशा बेतानं त्यांच्या दंडाला चिमटे काढत होते, की बाई, नको, सांगू नको. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"फार उतरलात," त्या म्हणाल्या. "मागच्या महिन्यात इतके नव्हतात."

ह्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "पोरीच्या मुलांना सुट्टी लागेपर्यंत निभेल माझं?"

"नाही, भाऊजी."

मी जाऊबाईंना ओढतच बाहेर आणलं. "जीभ कशी रेटली तुमची?" मला नीट ओरडताही येत नव्हतं, आत ऐकू जाईल म्हणून. "एकाच्या वेळी दिसलं नाही, दुसऱ्याच्या वेळी तोंडावर सांगता? माणूस आहात का कोण?"

जाऊबाई भिंतीला टेकल्या. रडत होत्या, पण बोलल्या स्पष्ट. "माझा मुलगा पोचला तेव्हा त्याच्याशी बोलायला बाप नव्हता. अजून तो फोनवर माझ्याशी दोन वाक्यांच्या वर बोलत नाही. तुझ्या पोरीचं तसं नको होऊ दे गं. तू मला काय हवं ते म्हण."

मी फोन घेतला आणि मुलीला लावला. तिच्याकडे मुलांचा गोंधळ चालला होता. "बाबा कसे आहेत?" तिनं नेहमीसारखं विचारलं. 'बरे आहेत' अगदी ओठांवर आलं होतं.

"लगेच निघ," मी म्हटलं.

तिनं मुलांना गप्प केलं. मग म्हणाली, "आई, हे तू म्हणतेस की काकू?"

"काकू म्हणतात. आत्ताच बघितलं त्यांनी."

"निघते," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

ती पोचली तेव्हा ह्यांना बोलता येत होतं, आवाज लहान झाला होता एवढंच. तिनं आत जाऊन दार लोटून घेतलं. मी आणि जाऊबाई बाहेर अंगणात बसलो होतो. दोघींच्या मध्ये निवडायची भाजी, आणि निवडत कुणीच नव्हतं. बापलेकीचं काय बोलणं झालं ते मी तिला कधी विचारलं नाही. आतून एकदा ह्यांच्या हसण्याचा आवाज आला. मग खोकल्याचा. मग पुन्हा हसण्याचा.